कौल

लान्चौहून सुटलेल्या गाडीत रात्रभर
सगळे सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.
खाली टरफलांचा थर, त्यावर माझे मोजे.
समोरचा म्हातारा तासातासाला उठायचा,
डब्याच्या टोकाशी जाऊन थर्मास भरून आणायचा
आणि न विचारता माझ्या पेल्यात कढत पाणी ओतायचा.
त्याचं माझं बोलणं एवढंच : वाफ.

सकाळी बोगदे. बोगद्यामागून बोगदा.
मधल्या फटीत एक गाव दिसायचं,
ओट्यावर मक्याची कणसं, एक बाई गोधडी झटकतेय,
झटकून होण्याआधी काळोख.

एमेइच्या पायथ्याशी चौदा युआनची काठी घेतली,
माकडांसाठी, असं विकणारीने दात विचकून दाखवलं.
माकडांनी काठीकडे पाहिलंही नाही.
संत्री नेली.

पायऱ्यांबद्दल माझ्या गुडघ्यांना विचारा.
धुकं असं की पुढची पायरी
पाय टेकल्यावरच तयार व्हायची.
मागून बांबूची करकर ऐकू आली, मी कडेला झालो.
एक बाई गेली, पाठीवर टोपली, टोपलीत छपराची कौलं.
वळणावर ती थांबली, पण बसली नाही.
हातातली ठेंगणी काठी टोपलीखाली लावली,
ओझं काठीला देऊन उभ्याउभ्या श्वास घेतला,
मग ओझं परत मागून घेतलं.

मधल्या देवळात समंतभद्र, सहा सुळ्यांच्या हत्तीवर.
हत्ती आमच्याकडचा, लगेच कळतं :
चेहऱ्यावर मुक्काम लांबलेल्या पाहुण्याचं
संकोची हसू.
बाई टोपलीसकट वाकली. आमिथ्वोफो, म्हणाली.
मी कान देऊन ऐकलं.
अमिताभच होता तो. वाळवंट ओलांडताना
साबणाच्या वडीसारखा झिजलेला.

दारात भिक्षू टेबल मांडून बसला होता.
वीस युआनला एक कौल. कौलावर नाव लिहायचं,
कौल वरच्या देवळावर चढणार, नाव आतल्या अंगाला,
म्हणजे पाणी वरून जाईल, नाव कोरडं राहील.

आमच्याकडे कौल देवाकडे मागतात,
पाषाणाला फुलं चिकटवून
उजवं पडतंय की डावं, बघत बसतात.
इथे देवालाच देतात.

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे.
कुंचला हातात आला की मला अजून
टर्पेंटाइनचा वास येतो.
त्यांचं नाव लिहिणार होतो. त्यांनी आयुष्यभर
दुसऱ्यांचीच लिहिली, म्हणून हात अडला.
बाईला खुणेने विचारलं : तुझं?
यिन शुछिन.
एवढी वर्षं नावं वाहून नेते,
पण तिला कोणी विचारलेलं दिसलं नाही.
मी लिहिलं. छच्या पोटाला नीट गोलाई दिली.

तिने कौल उलटंसुलटं केलं. वाच, म्हणाली.
मी वाचलं.
ती हसायला लागली, भिक्षूही हसला,
फोनमधली बाई तेवढी गंभीरपणे भाषांतर सांगत राहिली :
तिच्या नावातलं यिन आधी खाली उतरतं, मग वर चढतं.
सपाट म्हटलं की ते नाव राहत नाही,
त्याचा अर्थ होतो : आभाळलेलं.

आमच्या बाराखडीत चढउतार लिहायला काही नाही.
काना आहे, मात्रा आहे, वेलांटी आहे,
पायरी नाही.

पुसू का, मी विचारलं.
तिने कौल तळहातावर तोललं,
दीड किलो, फोन म्हणाला. तिला किलोवर पैसे मिळतात.
बाकीच्यांवर ठेवलं, दोरी आवळली,
आणि दुसऱ्याच कोणाचं तरी असल्यासारखं
स्वतःचं नाव घेऊन चढायला लागली.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे वर पोचलो.
लोक सूर्य बघायला रजया पांघरून उभे होते.
छपरावर दोन गवंडी, अर्धं छप्पर उघडं,
रचलेलं अर्धं सगळं सारखंच करडं.
साडेसहा झाले, सात झाले. काही उगवलं नाही.
शेजारच्या मुलाने आईला काहीतरी विचारलं,
तिने वर पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला,
अगदी सपाट.
तो मला कळला.